भाड्याच्या घरात पहिल्यांदा गॅस वापरताय? टाकी, शेगडी आणि गीझर कसे तपासायचे ते एकेक करून

पुण्यात आम्ही चौघींनी मिळून पहिला फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा आम्ही काय काय बघितलं? पाणी किती वेळ येतं, वायफाय कुणाचं, दोन गाड्या लावायला जागा आहे का, सोसायटीत पोरींना देतात का. गॅसकडे कुणी वळूनही बघितलं नाही. ओट्याखाली टाकी होती, शेगडी होती, बाथरूममध्ये गीझर होता, घरमालक काका म्हणाले सगळं चालू आहे, झालं.

जानेवारीतल्या एका सकाळी तिसऱ्या नंबरला आंघोळीला गेलेली माझी रूममेट बाहेरच येईना. नळ चालू, गीझरचा घर्र आवाज चालू, हाक मारली तर ओ नाही. कडी जुनी होती म्हणून तीन धक्क्यांत निघाली. ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट उघडे, बोलायला गेली तर जीभ जड. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासायच्या आधी आम्हाला एकच प्रश्न विचारला, बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का. ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत ती शुद्धीवर बोलायला लागली, आज ठणठणीत आहे. पण आत जाऊन तिला किती वेळ झालाय हे आमच्यातल्या एकीच्याही लक्षात नव्हतं, हे मला अजून झोपेत आठवतं.

त्यानंतर मी एजन्सीच्या मेकॅनिककडून, डिलिव्हरीवाल्या दादांकडून, टाकीवर छापलेलं वाचून असं एकेक शिकत गेले. पहिल्यांदा घराबाहेर राहायला आलेल्या सगळ्यांसाठी ते इथे लिहितेय. पहिल्या दिवशी एक तास काढा, सामान नंतर लावा.

आधी हाताशी काय लागेल

सामान: भांडी घासायचा साबण, एक जुना टूथब्रश, बॅटरी, वजनकाटा मिळाला तर, एक जाड सुती चादर किंवा गोणपाट. टाकीची पांढरी प्लास्टिकची टोपी, जी दोरीने टाकीला बांधलेली असते, ती जागेवर आहे का बघा, नसेल तर एजन्सीकडून मागून घ्या.

कागद: कनेक्शन कुणाच्या नावावर ते दाखवणारं व्हाउचर ज्याला एजन्सीत एसव्ही म्हणतात, गॅसचं कार्ड म्हणजे ते निळं पुस्तक, नवीन किंवा बदली कनेक्शन घ्यायचं असेल तर आधार, रजिस्टर केलेला भाडेकरार, फोटो, बँकेचं पासबुक.

1. टाकी नक्की कुणाच्या नावावर आहे ते विचारा

हा प्रश्न विचारायला लाज वाटते पण विचाराच. बऱ्याच भाड्याच्या घरात टाकी कुणा आधीच्या भाडेकरूची असते, तो बंगलोरला गेला, त्याचा मोबाईल नंबर बंद, आणि तुम्ही नंबर लावताय कुणाच्या तरी ओळखीने ब्लॅकमध्ये. पैसे जास्त जातात हा भाग सोडून द्या, खरी अडचण वेगळीच आहे. गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी काढलेला विमा असतो, त्यासाठी आपल्याला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. अपघातात कुणी दगावलं तर माणशी 6 लाखांपर्यंत भरपाई, शिवाय उपचाराचा खर्च, घराच्या नुकसानीचे पैसे अशी तरतूद त्यात आहे. पण घराच्या नुकसानीचे पैसे कनेक्शन ज्या पत्त्यावर नोंदवलंय त्याच जागेसाठी मिळतात, आणि कुठलाही दावा करायचा तर लगेच एजन्सीला लेखी कळवावं लागतं. दुसऱ्याच्या नावाची टाकी तिसऱ्याच्या घरात असेल तर तुम्ही कळवणार कुणाला?

तुमचं गावाकडे स्वतःचं कनेक्शन असेल तर ते बदली करून आणता येतं, तिथल्या एजन्सीत अर्ज करायचा. घरमालकांचंच कनेक्शन असेल तर त्यांच्याकडून कार्डाचा फोटो आणि एजन्सीचा नंबर घेऊन ठेवा, आणि शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. दर 5 वर्षांनी एजन्सीच्या माणसाने घरी येऊन शेगडी, नळी, रेग्युलेटर तपासणं बंधनकारक आहे. आमच्या काकांना हे माहीतच नव्हतं, सांगितल्यावर त्यांनी स्वतः फोन करून माणूस बोलावला.

एकटेच असाल, सकाळचा चहा आणि रात्रीचा भात एवढंच करणार असाल तर कंपन्यांचीच 5 किलोची छोटी टाकी मिळते. इंडेनची छोटू नावाने आहे, काही पेट्रोल पंपांवर, किराणा दुकानात मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही, एक ओळखपत्र पुरतं. होस्टेल असलेल्या गल्लीत बिनमार्काची छोटी टाकी मोठ्या टाकीतून भरून देणारे बसलेले असतात, ती अजिबात घेऊ नका. ते बेकायदा तर आहेच, त्या टाकीचा पत्रा कधी कुणी तपासलेला नसतो आणि भरताना गॅस आजूबाजूला पसरत असतो.

2. टाकी दारात आली की दोन मिनिटं दादांना थांबवा

डिलिव्हरीचा जो कोड मोबाईलवर येतो तो टाकी बघून झाल्यावरच सांगा, आधी नाही. मग हे बघा.

सील: वरचं प्लास्टिकचं सील अखंड हवं, ओढून परत बसवलेलं वाटलं तर टाकी परत करा.

वजन: टाकीच्या वरच्या गोल कड्याखालच्या पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचं वजन छापलेलं असतं, समजा 15.8 किलो, त्यात गॅसचे 14.2 मिळवा, 30 किलो भरायला हवं. डिलिव्हरीवाल्याने काटा आणायचा असतो आणि मागितला तर वजन करून दाखवायचंच असतं. आम्ही पहिल्यांदा मागितला तेव्हा दादा जरा वैतागले, दुसऱ्या वेळेपासून स्वतःच काढायला लागले.

तारीख: त्याच पट्ट्यांच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी 27 असेल तर जून 2027 नंतर ती टाकी पुन्हा चाचणी झाल्याशिवाय वापरात नको. लोक याला गॅसची एक्स्पायरी म्हणतात पण गॅस खराब होत नाही, ही लोखंडी टाकीच्या चाचणीची तारीख आहे. उलटून गेली असेल तर बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे.

वॉशर: टोपी काढून वरच्या तोंडात बॅटरी मारून बघा, आत काळी रबराची छोटी रिंग दिसते. नसेल, फाटलेली असेल, वाकडी बसली असेल तर दादांना सांगा, त्यांच्याकडे बहुतेक वेळा असते. आपण पिन किंवा खिळा घालून कोरत बसायचं नाही. मग तोंडावर पाण्याचे दोन थेंब टाका, बुडबुडा आला तर ती टाकी घरात घ्यायची नाही.

3. रेग्युलेटर आणि नळी

रेग्युलेटर बसवताना नॉब बंदवर, खालची काळी रिंग वर उचलायची, रेग्युलेटर सरळ दाबायचा, रिंग सोडायची, टक असा आवाज येतो. मग हाताने हलकं वर ओढून आणि गोल फिरवून बघा, गोल फिरला पाहिजे पण वर निघता कामा नये. निघाला तर नीट बसला नाही. त्याआधी घरातली समई, उदबत्ती, दुसरी शेगडी सगळं विझवलेलं पाहिजे.

नळी हा भाड्याच्या घरातला सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. आमच्या घरातली नळी हिरवी, बाजारातली, तेलाने चिकट झालेली आणि शेगडीच्या टोकाला उभ्या बारीक भेगा पडलेल्या. वाकवली की भेगा उघडायच्या, सोडली की मिटायच्या, त्यामुळे नुसतं बघून कळायचंच नाही. एजन्सीत सुरक्षा नळी म्हणून नारिंगी रंगाची मिळते, आत स्टीलची तार विणलेली असते म्हणून उंदराला सहज कुरतडता येत नाही, अंगावर आयएसआयचा शिक्का आणि तारीख छापलेली असते. 5 वर्षांनी बदलायची म्हणजे बदलायची, चांगली दिसली तरी. लांबी दीड मीटरच्या आतच. टाकी लांब ठेवायची म्हणून दोन नळ्या मध्ये जोडून लावलेल्या मी स्वतः बघितल्यात, असं करू नका. नळीला कापडाचं, प्लास्टिकचं कव्हर घालू नका, भेग दिसणार नाही. आणि नळी शेगडीच्या मागून बर्नरजवळून गेलेली नसावी.

एका टाकीला टी जोडून शेगडी आणि गीझर दोन्ही चालवणारी घरं खूप आहेत. प्लंबरने स्वस्तात करून दिलेलं असतं. तुमच्याकडे असेल तर एजन्सीच्या मेकॅनिकला दाखवून काढून टाका.

4. साबणाच्या पाण्याची चाचणी

वाटीत थोडं पाणी, त्यात साबण घोळून चांगला फेस करा. शेगडीचे सगळे नॉब बंद, रेग्युलेटर चालू. ब्रशने फेस लावा, टाकी आणि रेग्युलेटरच्या सांध्याला, रेग्युलेटरला नळी जिथे चढते तिथे, नळीवर हात फिरवत पूर्ण लांबीला, शेगडीला नळी लागते तिथे, आणि नॉबच्या मुळाशी. अर्धा मिनिट बघत राहा. बुडबुडे फुगून मोठे होत असतील तर तिथून गॅस येतोय, रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा, एजन्सीला फोन. काडी पेटवून बघणारे काका अजून आहेत, त्यांना हात जोडून बाजूला बसवा.

प्रत्येक नवीन टाकी लावली की ही चाचणी करायची, दोन मिनिटं लागतात.

5. ओटा, शेगडी, देवघर

आपण वापरतो तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की तो वर जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात, मोरीत साठतो. त्यात वास यावा म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, पण सर्दी झालेल्याला किंवा झोपलेल्याला तो कळेलच असं नाही. आता विचार करा, लहान फ्लॅटमध्ये देवघर कुठे असतं? स्वयंपाकघरातच, बऱ्याचदा खाली चौरंगावर, टाकीपासून चार हातांवर, आणि त्यात निरांजन. देवघर बाहेरच्या खोलीत हलवा, तिथे जागा नसेल तर टाकीपासून जमेल तेवढं लांब आणि उंचावर. रात्रभर नंदादीप ठेवायचा असेल तर स्वयंपाकघरात नकोच.

टाकी कायम उभी. संपत आली की आडवी करून शेवटचा चहा उकळून घ्यायची सवय आपल्या आया-मावश्यांना आहे, आडव्या टाकीतून वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये येतो आणि ज्वाळा अचानक मोठी होते. गरम पाण्यात टाकी उभी करणं हेही तसंच वाईट. टाकी बंद कपाटात असेल तर त्या कपाटाला खाली हवा जायला भोकं हवीत. शेगडी टाकीच्या वरच्या पातळीला, म्हणजे ओट्यावर, जमिनीवर दोन्ही शेजारी नको.

ज्वाळा निळी हवी. पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं तर बर्नर काढून भोकं पिनेने साफ करा, तरी नाही सुधारली तर मेकॅनिक. दूध उतू जाऊन ज्वाळा विझते आणि गॅस तसाच चालू राहतो, हे हॉस्टेलमधून नुकत्याच आलेल्या मुलांच्या बाबतीत खूप होतं, दूध ठेवून फोन घेऊन गॅलरीत जाऊ नका. रात्री झोपताना नुसता शेगडीचा नॉब बंद करून भागत नाही, रेग्युलेटरही बंद करायचा.

6. गॅस गीझर, हा भाग दोनदा वाचा

गॅस गळला तर वास येतो. पण गीझरमध्ये गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला चुरचुरही होत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट त्याला धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातली ताकद जाते. माझी रूममेट सांगते की तिला कळलं होतं काहीतरी होतंय, कडीकडे हात न्यायचा होता, हात उचललाच गेला नाही.

मी नंतर हिशोब मांडला. आमचं बाथरूम 4 बाय 6 फूट, उंची 8 फूट, म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गीझर 10 मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो आणि तेवढा जळायला जवळपास 2 घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. म्हणजे एका आंघोळीत खोलीतला एक तृतीयांश ऑक्सिजन संपला, दार लावलेलं, थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला. त्यात लागोपाठ तिसरी आंघोळ. ऑक्सिजन कमी झाला की गीझरची ज्वाळाही नीट जळत नाही आणि मोनॉक्साइड आणखी वाढतो. थंडीतच हे अपघात जास्त का होतात ते यात आलं.

तर करायचं काय. गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत हवा, गरम पाण्याचा पाइप फक्त आत. बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेली असेल तर ती बाल्कनी पण खोलीच झाली, गीझर चालू असताना काच उघडी ठेवा. हे मालकांना सांगायला संकोचू नका, गीझर बाहेर काढायला पाइपचे आणि मजुरीचे पैसे लागतात, आम्ही अर्धे दिले.

तोपर्यंत, म्हणजे गीझर आतच आहे त्या काळात, दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, दोन-चार मिनिटं हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. शॉवरखाली गीझर चालू ठेवून उभं राहायचं नाही. एकापाठोपाठ एक आंघोळी करायच्या नाहीत, मध्ये वेळ सोडा. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, पंखा हवा बाहेर काढतो पण आत यायला वाट नसेल तर उपयोग कमी, दाराखाली फट किंवा जाळी हवी. आतून कडी लावू नका किंवा बाहेरून उघडणारी लावा, आणि कुणीतरी घरात असताना सांगून जा. काही गीझरला 20 मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, पण वर केलेला हिशोब बघा, 20 मिनिटं लहान बाथरूमला खूप झाली.

कुणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी श्वास रोखून गीझर बंद, खिडकी-दार उघडा, त्या माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, तिथे आत बसून शुद्धीवर आणायचा प्रयत्न करू नका, तुम्हीही पडाल. 108 ला फोन करा आणि गॅस गीझर होता हे पहिल्या वाक्यात सांगा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

यंत्र घ्यायचं असेल तर नीट बघून घ्या, गळती ओळखणारं यंत्र वेगळं आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं वेगळं. आम्ही आधी चुकून गळतीचंच घेऊन बाथरूमबाहेर लावलं होतं. गळतीचं यंत्र स्वयंपाकघरात जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात, कारण गॅस खाली बसतो.

7. वास आला तर

पहिली चूक सगळे हीच करतात, लाईट लावून बघतात. कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका, पंखा नाही, एक्झॉस्ट नाही, बेल नाही, आत उभं राहून फोन नाही. बटण खाली-वर होताना जी ठिणगी पडते ती पुरते.

शेगडीचे नॉब बंद, रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीला टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर या. मेन स्विच घराबाहेर, जिन्यात असेल तर तिथून बंद करा, आत असेल तर राहू द्या. मग बाहेरून 1906 ला फोन करा, हा गॅसगळतीचा इमर्जन्सी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो. फ्रीज आपोआप चालू-बंद होतो हे लक्षात ठेवा, म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत आत जायची घाई नको.

8. आग लागलीच तर

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, गॅस बंद आणि वर झाकण. रेग्युलेटरजवळ छोटी ज्वाळा दिसली तर जाड सुती चादर पूर्ण भिजवून टाकीच्या तोंडावर टाका आणि तिच्याखालून नॉब बंद करा. हे पहिल्या काही सेकंदांतच जमतं, आग पसरली असेल तर बाहेर पडा आणि 101. भाजलं तर नळाच्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका.

9. पाइपचा गॅस असेल तर

मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल असं असतं. हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला की छताकडे जातो, म्हणून वरच्या खिडक्या, झरोके उघडे हवेत. टाकीची शेगडी तशीच पाइपला जोडता येत नाही, जेट बदलावे लागतात, ते कंपनीच्या माणसाकडूनच. शेगडीजवळच्या कॉकशिवाय बाहेरचा कॉक कुठे आहे तो घर घेतानाच बघून ठेवा आणि एकदा फिरवून बघा. गीझरचं वर लिहिलेलं सगळं पाइपच्या गॅसलाही तसंच्या तसं लागू आहे.

10. एक कागद

1906, 101, 108, एजन्सीचा नंबर, कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, घरमालकांचा नंबर, आणि खाली नळीची बदलायची तारीख. मोठ्या अक्षरात, पेनाने. आम्ही आधी तो फ्रीजवर लावला होता, मग लक्षात आलं की लागेल तेव्हा आपण घराबाहेर उभे असणार. आता तो जिन्यात मीटरच्या पेटीच्या आत चिकटवलाय, आणि शेजारच्या आजींनाही दाखवून ठेवलाय.